जांभळ्यातून इंद्रधनुष्याकडे



एप्रिल १९९५ मध्ये मुंबईत एक मैफल झाली. मैफल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तंबोरे, तबला आणि पांढरीशुभ्र बैठक आली असेल, तर ती जरा बाजूला ठेवा. इथे ऐकणारे उभे होते, नाचत होते आणि स्टेजवर होता डीप पर्पल हा इंग्लंडचा हार्ड रॉक ग्रुप. डीप पर्पल म्हणजे गडद जांभळा. या ग्रुपचं 'स्मोक ऑन द वॉटर' नावाचं एक गाणं आहे. त्याच्या सुरुवातीला गिटारवर एक छोटीशी सुरावट वाजते. जगात कुठेही कुणी नवी गिटार हातात घेतली की पहिल्या आठवड्यात तीच वाजवून बघतो. दुकानदार कंटाळतात म्हणे!

गंमत अशी, की ज्या माणसाच्या बोटांनी ती सुरावट पहिल्यांदा वाजवली, तो त्या दिवशी मुंबईत नव्हताच. त्याच्या जागी अमेरिकेचा स्टीव्ह मॉर्स गिटार वाजवत होता. आणि जो नव्हता तो, रिची ब्लॅकमोर, त्याच वर्षी दुसऱ्याच नावाने नवी गाणी काढत होता. त्या नावाची, म्हणजे 'रेनबो'ची, गोष्ट आज सांगायची आहे. मग मुंबईतच परत यायचं आहे, कारण मुंबईचाही स्वतःचा एक हार्ड रॉक ग्रुप होता आणि त्यातले लोकही असेच पांगले होते.

पण आधी हार्ड रॉक म्हणजे काय ते पाहू. वर्गात मी 'बँड' म्हटलं की पोरांना लग्नाचा बँड आठवतो, लाल कोट घातलेला. तो काही चुकीचा नाही. पण त्याहून जवळचा नातेवाईक म्हणजे आपली बँजो पार्टी. गणपतीच्या मिरवणुकीत गाडीवर बसून जो बँजो वाजवतात, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, तो मुळात बुलबुलतरंग. त्याला वायर जोडलेली असते आणि आवाज भोंग्यातून येतो. इलेक्ट्रिक गिटारचंही तेच तत्त्व. तारा पोलादाच्या. तारांखाली लोहचुंबक, आणि त्या चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. अॅम्प्लिफायर ती वीज मोठी करतो आणि स्पीकर तिचा आवाज करतो. म्हणून वीज गेली की इलेक्ट्रिक गिटार जवळजवळ मुकी होते. विज्ञानाच्या पुस्तकात हे तुम्ही पुढे शिकालच.

आता शाळेतला २६ जानेवारी आठवा. माइकवर कुणीतरी जोरात ओरडतं, भोंगेवाल्याने आवाज आधीच फुल केलेला असतो, आणि आवाज 'फाटतो'. का फाटतो? अॅम्प्लिफायरची ताकद संपते. आवाजाच्या लाटेचा उंच माथा त्याला पेलवत नाही, तो माथा कापला जातो. गोल लाट सपाट डोक्याची होते आणि तिच्यात मूळ सुराच्या वरचे पुष्कळ नवे सूर मिसळतात. आपण म्हणतो, अरे बंद करा तो भोंगा! हार्ड रॉकवाल्यांनी मात्र हाच फाटका आवाज मुद्दाम वापरला. त्याला वळण लावलं, त्यात सूर धरला. त्यामुळे गिटारचा एक सूर लांबवर टिकतो, गुरगुरतो, सनईसारखा खेचता येतो. त्याच्यासोबत जोरदार ड्रम, बेस गिटार आणि पट्टीच्या वरच्या टोकाला गाणारा गायक. झाला हार्ड रॉक. डीप पर्पलच्या बाबतीत त्यात ऑर्गनही होता.

आवाज किती? १९७२ मध्ये लंडनच्या एका थिएटरात या ग्रुपचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनेस बुकात जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा ग्रुप म्हणून त्यांची नोंद झाली. श्रोत्यांपैकी तिघे जण बेशुद्ध पडले होते, अशीही नोंद आहे. पालकांनी हे वाचून मान डोलवली असेल. बरोबर आहे. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज तासन्तास ऐकला तर कान कायमचे बिघडतात आणि ते औषधाने बरे होत नाहीत. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे गिनेस बुकवाले येत नाहीत.

रिची ब्लॅकमोरचा जन्म १४ एप्रिल १९४५ चा, इंग्लंडचा. अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला गिटार घेऊन दिली, पण अट घातली, की रीतसर शिकायचं. नुसतं खेळणं करायचं नाही. म्हणून वर्षभर तो अभिजात पद्धतीची गिटार शिकला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि विमानतळावर रेडिओ दुरुस्तीचं काम शिकायला लागला. १९६८ मध्ये डीप पर्पल उभा राहिला. त्या नावाचं एक जुनं गाणं त्याच्या आजीला फार आवडायचं, ती पियानोवर वाजवायची. एवढ्या कानठळ्या बसवणाऱ्या ग्रुपचं नाव आजीच्या आवडत्या गाण्यावरून पडलंय, हे मला फार आवडतं.

आणि त्या प्रसिद्ध सुरावटीची हकिकत. डिसेंबर १९७१ मध्ये ग्रुप स्वित्झर्लंडमध्ये मोंत्रो या गावी गेला होता. मोठं सरोवर आहे तिथे. काठावरच्या कॅसिनोत, म्हणजे करमणुकीच्या एका मोठ्या इमारतीत, त्यांचं रेकॉर्डिंग व्हायचं होतं. त्याआधी तिथे दुसऱ्या एका कलाकाराचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी आगीचा बाण छताकडे उडवला. छताने पेट घेतला आणि बघता बघता सगळी इमारत जळाली. धूर सरोवराच्या पाण्यावर पसरला. डीप पर्पलच्या लोकांनी तो पाहिला. शेवटी एका रिकाम्या हॉटेलात, थंडीत, गाद्या लावून आवाज अडवत त्यांनी रेकॉर्डिंग केलं, आणि त्यात या धुराचंही गाणं झालं. अल्बम १९७२ मध्ये आला आणि ग्रुप जगभर गाजला.

मग एवढा गाजलेला ग्रुप सोडायचा कशाला?

१९७३ मध्ये जुना गायक आणि बेस गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हर गेले, नवे दोघे आले. ते गुणी होते, पण त्यांची आवड वेगळी होती. गाणी ठेका धरून डुलणारी, नाचरी होऊ लागली. ब्लॅकमोरला ते रुचेना. त्याच सुमारास त्याला दुसऱ्या एका ग्रुपचं जुनं गाणं वाजवायचं होतं. बाकीचे म्हणाले, आपण आपलीच गाणी वाजवतो, दुसऱ्यांची कशाला? वाद काही फार मोठा नव्हता. पण घर फुटतं ते अशाच गोष्टींवरून, तुम्ही तुमच्या गल्लीतही पाहिलं असेल. क्रिकेटची टीम मोडते तेव्हा कारण विचारा, 'त्याने मला पहिली बॅटिंग दिली नाही' इतकंच निघतं. खरं कारण खाली साचत आलेलं असतं.

ब्लॅकमोरने ते गाणं बाहेर जाऊन वाजवलं. सोबत घेतला रॉनी जेम्स डिओ हा गायक. डिओ अमेरिकेचा. लहानपणी ट्रंपेट वाजवायला शिकलेला. अंगापिंडाने लहानखुरा, आवाज मात्र देवळाच्या घंटेसारखा. त्याचा 'एल्फ' नावाचा ग्रुप डीप पर्पलच्या कार्यक्रमांच्या आधी वाजवायचा. एका गाण्यासाठी जमलेली ही जोडी इतकी जमली, की १९७५ च्या सुरुवातीला जर्मनीत म्युनिकला बसून दोघांनी अख्खा अल्बम केला. एप्रिल १९७५ मध्ये पॅरिसला ब्लॅकमोर डीप पर्पलसोबत शेवटचा वाजला. त्याच महिन्यात त्याला तीस वर्षं पूर्ण झाली.

नव्या ग्रुपचं नाव रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य. जांभळा सोडून सातही रंग घेतले, असं वाटतं ना? खरं कारण साधं आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला 'रेनबो' नावाचं एक हॉटेल आहे, तिथे हे संगीतवाले जमायचे. त्यावरून नाव. मात्र पहिल्या अल्बमवर नुसतं रेनबो नव्हतं, 'रिची ब्लॅकमोर्स रेनबो' होतं, म्हणजे रिची ब्लॅकमोरचं इंद्रधनुष्य. आणि गोम तिथेच आहे.

पहिल्या अल्बममध्ये गायक डिओ आणि वाजवणारे एल्फचेच तिघे होते. त्यांनी आपला ग्रुप मोडून हा नवा धरला होता. अल्बम झाला, आणि पहिला कार्यक्रम व्हायच्या आत ते तिघेही बाहेर! कुणाला काढलं, कुणी वैतागून गेलं. ब्लॅकमोरला त्यांच्यापेक्षा जबरदस्त वाजवणारे हवे होते. नोव्हेंबर १९७५ मध्ये रेनबो पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला तेव्हा त्यात जुन्यांपैकी फक्त डिओ होता. मला विचाराल तर हे बरं झालं नाही. डीप पर्पलमध्ये आपलं ऐकलं जात नाही म्हणून जो बाहेर पडला, त्याने आपल्या घरात दुसऱ्यांचं किती ऐकलं? पुढेही तेच. रेनबोचे एकूण आठ अल्बम निघाले आणि कुठल्याही दोन लागोपाठच्या अल्बममध्ये तीच माणसं नाहीत. ब्लॅकमोर तेवढा सगळ्यांत.

पण संगीताचं बोलायचं तर नवे लोक खरंच जबरदस्त निघाले, हेही सांगितलं पाहिजे. ड्रमवर कोझी पॉवेल आला. १९७६ मध्ये 'रायझिंग' नावाचा अल्बम आला, जेमतेम ३३ मिनिटांचा. त्यात 'स्टारगेझर' हे आठ मिनिटांहून मोठं गाणं आहे. एक जादूगार असतो. त्याला उडून ताऱ्यांपर्यंत जायचं असतं. त्यासाठी तो हजारो गुलामांकडून वाळवंटात दगडाचा मनोरा बांधून घेतो. ऊन, भूक, चाबूक. मनोरा पुरा होतो, जादूगार वर चढतो, उडी घेतो आणि खाली पडून मरतो. गोष्ट सांगतो तो एक गुलाम. इतकी वर्षं राबलो ते कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. या गाण्यात मागे म्युनिकचा मोठा वाद्यवृंद वाजतो. सुरावट ऐकली तर वाळवंट डोळ्यांपुढे येतं, कारण स्वर आपल्या भैरवसारखे, कोमल ऋषभाच्या अंगाने जाणारे वाटतात. त्या सुमारास ब्लॅकमोर चेलो हे गजाने वाजवायचं वाद्य शिकत होता. ग्रुपचा मालक, जगप्रसिद्ध, तिशी ओलांडलेला, आणि नव्या वाद्याचा विद्यार्थी. ही गोष्ट मात्र मी माझ्या वर्गात आवर्जून सांगते.

आणखी एक गोष्ट सतार शिकणाऱ्या मुलांसाठी. गिटारच्या दांड्यावर पडदे असतात, पडद्यांच्या मधे सपाट लाकूड असतं आणि बोट त्या लाकडाला टेकतं. ब्लॅकमोरने मधलं लाकूड खरवडून खोलगट करून घेतलं. बोट लाकडाला टेकतच नाही, तारेलाच धरतं. त्यामुळे तार खेचून सूर वर नेणं सोपं जातं. सतारीचे वक्र पडदे आठवा. तिथेही बोटाखाली लाकूड येत नाही, म्हणून एकाच पडद्यावर तार ओढून तीन-चार स्वरांची मींड घेता येते. दूरच्या देशातला हार्ड रॉकवाला आणि आपला सतारिया एकाच अडचणीला जवळपास एकच उत्तर शोधतात.

स्टेजवर त्यांनी खरंच इंद्रधनुष्य उभं केलं होतं. सुमारे चाळीस फूट रुंदीची कमान, तीन हजार दिवे, आणि ते कॉम्प्युटरने चालवायचे! १९७५-७६ मध्ये! दिसायला झकास, पण दिव्यांच्या विजेची घरघर गिटारमध्ये शिरायची. चुंबक आणि वेढे आठवतात ना? त्यांना तारेची थरथर काय आणि शेजारच्या विजेची काय, सगळं सारखंच.

डिओ १९७९ पर्यंत बाहेर पडला. ब्लॅकमोरला आता रेडिओवर पटकन वाजतील अशी सोपी गाणी हवी होती, डिओला जादूगार आणि राजवाडे. तो ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या बड्या ग्रुपात गेला आणि पुढे तोही सोडून त्याने 'डिओ' नावाचाच स्वतःचा ग्रुप काढला. २०१० मध्ये तो वारला. म्हणजे एक फांदी तुटून तिचं झाड झालं आणि त्या झाडाची फांदी पुन्हा वेगळी रुजली.

मागे राहिलेल्या डीप पर्पलचं काय झालं? त्यांनी टॉमी बोलिन हा तरुण गिटारवाला घेतला. बिचाऱ्याला रोज लोक जुन्या माणसाशी ताडून पाहायचे. १९७६ मध्ये ग्रुप मोडला, आणि त्याच वर्षअखेर नशेने बोलिनचा जीव घेतला. वय २५. पुढे १९८४ मध्ये जुने लोक परत एकत्र आले. ब्लॅकमोरने त्यासाठी रेनबो बंद केला. १९९३ मध्ये तो पुन्हा भांडून बाहेर पडला आणि पुन्हा रेनबो सुरू केला. म्हणूनच तो १९९५ मध्ये मुंबईत नव्हता!

आता हे सगळं फक्त गोऱ्यांच्या देशात होतं असं समजू नका. आजी-आजोबांना विचारा, किर्लोस्कर नाटक मंडळी हे नाव त्यांनी ऐकलं असेल. संगीत नाटकांची सर्वांत नावाजलेली कंपनी. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे तिच्यातून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. यातले गोविंदराव टेंबे हे हार्मोनियमचे मोठे वादक. 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. काही वर्षांनी ते गंधर्व मंडळीतूनही निघाले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नाव बघा: गंधर्व मंडळीला बालगंधर्वांचं नाव, शिवराजला मात्र टेंब्यांचं नाव नाही. आणि तिकिटाच्या खिडकीवर नावाला किंमत असते, हे त्या काळच्या कंपन्यांना चांगलं ठाऊक होतं.

तर चला, मुंबईत परत. डीप पर्पल मुंबईला आला त्या वर्षी मुंबईचा स्वतःचा हार्ड रॉक ग्रुप अकरा वर्षांचा झाला होता. १९८४ मध्ये तो 'रॉक मशीन' नावाने सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर. गायक उदय बेनेगल. पुढे दुसरे गिटारवादक जयेश गांधी आले, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. ही आडनावं एका ओळीत वाचा, चर्चगेटहून सुटलेल्या लोकलच्या डब्यात बसल्यासारखं वाटतं.

त्या काळात परदेशी गिटार, अॅम्प्लिफायर इथे सहज मिळत नव्हते. केबल टीव्ही नव्हता. कार्यक्रम व्हायचे कॉलेजांत आणि धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या उघड्या नाट्यगृहात. श्रोत्यांना हवी असायची डीप पर्पलसारख्या परदेशी ग्रुपांची गाणी, अगदी कॅसेटवर असतात तश्शी. स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक चुळबुळ करणार! म्हणजे बघा, ब्लॅकमोरचं भांडण दुसऱ्याचं गाणं वाजवू देत नाहीत म्हणून, आणि मुंबईच्या पोरांची पंचाईत स्वतःचं वाजवू देत नाहीत म्हणून. सुरुवातीला त्यांनीही लोकांना आवडतात ती गाणी वाजवली. मग ठरवलं, की आता फक्त आपली. १९८८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, 'रॉक अँड रोल रेनिगेड', आणि १९९० मध्ये दुसरा. गाणी इंग्रजीतली, पण रचलेली इथल्या मुलांनी. तेव्हा भारतात हे धाडसच होतं.

१९९३ मध्ये त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. नाव बदललं. चांगलं चाललेलं, पोस्टरवर लोक ओळखतात असं नाव टाकून दिलं आणि 'इंडस क्रीड' झाले. इंडस म्हणजे आपली सिंधू नदी. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही ग्रुपचं असू शकलं असतं. त्यांच्या संगीतात आता इथला रंग येत होता, तो नावातही हवा होता. त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकांनी निवडलेला पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बमही आला. आणि तरीही १९९७ मध्ये ग्रुप थांबला.

मग जयेश गांधी आणि उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. तिथे दोघांनी 'आम्स फॉर शांती' हा नवा ग्रुप काढला. रॉक मशीनचे गिटारवादक आणि गायक परक्या शहरात पुन्हा पहिल्या पायरीवर. तिथे कोण ओळखणार त्यांना? पुरस्काराची चित्रफीत दाखवून स्टेज मिळत नाही, वाजवूनच दाखवावं लागतं. आणि गंमत बघा, मुंबईत असताना इंग्रजीत गाणारे हे लोक न्यूयॉर्कला गेल्यावर भारतीय संगीताकडे आणि भारतीय भाषेकडे जास्त वळले. गावाबाहेर गेलं की घरची भाकरी आठवते, तसंच काहीसं. पुढे बेनेगल मुंबईला परतले. त्यांनी महेश तिनईकरांबरोबर आणखी एक ग्रुप केला, 'व्हर्लिंग कलापाज'. यात फाटका आवाज नाही, साध्या लाकडी गिटारी.

शेवटी २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला. तेरा वर्षांनी! बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे आणि बेस गिटार व ड्रमवर दोन नवे तरुण. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. ज्यांना रंगभवनात मिसरूड फुटायच्या वयात ऐकलं होतं, त्यांना आता आपल्या मुलांना घेऊन ऐकायला जाता आलं. रंगभवन मात्र तोवर बंद पडलं होतं. आसपास रुग्णालयं असल्यामुळे तिथे मोठ्या आवाजाला बंदी आली होती.

मला हे दोन ग्रुप शेजारी शेजारी ठेवून पाहायला आवडतं. ब्लॅकमोर जास्त मोठा वादक, यात वाद नाही. जगातल्या कितीतरी गिटारवाल्यांनी त्याचं अनुकरण केलं. पण त्याचा ग्रुप म्हणजे त्याचं एकट्याचं घर, बाकीचे भाडेकरू. मुंबईच्या लोकांचं नाव बदललं, शहर बदललं, वाद्यंसुद्धा बदलली, पण जुनी माणसं पुन्हा एका स्टेजवर बसू शकली. कुणाची गाणी जास्त टिकली, ते विचाराल तर ब्लॅकमोरचीच. दोन्ही खरं आहे आणि त्याचा मेळ मला तरी नीट घालता येत नाही.

आणि ब्लॅकमोर? १९९७ पासून तो 'ब्लॅकमोर्स नाइट' या ग्रुपात वाजवत आला, आपल्या बायकोबरोबर. युरोपातलं चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या धर्तीचं संगीत, बहुतेक विनाविजेच्या वाद्यांवर, हळुवार. गिनेस बुकात कानठळ्यांसाठी गेलेला माणूस! मधे २०१६ मध्ये रेनबोच्या नावाने पुन्हा काही कार्यक्रम झाले, पुन्हा नव्याच माणसांना घेऊन. डीप पर्पलमध्ये स्टीव्ह मॉर्स जवळजवळ अठ्ठावीस वर्षं वाजला आणि २०२२ मध्ये बाजूला झाला. ब्लॅकमोरपेक्षा जास्त वर्षं तोच त्या ग्रुपात होता, तरी लोक त्याला 'नवा गिटारवाला' म्हणायचे. आणि २००२ पासून डीप पर्पलचे की-बोर्ड वाजवणारा डॉन एअरी पूर्वी कुठे होता सांगा पाहू? रेनबोमध्ये!

आता तुमच्यासाठी काम. आमच्या नांदगावात काय किंवा तुमच्या गावात काय, एखादी बँजो पार्टी, लग्नाचा बँड नाहीतर भजनी मंडळ फुटून दुसरं नक्की झालं असेल. त्यातल्या एखाद्या काकांना भेटा. नव्याचं नाव कसं ठरलं, वाद्यं कुणाकडे राहिली, जुन्या चाली दोघेही वाजवतात का, एवढं विचारा. आणि दोन्ही मंडळं समोरासमोर आली की एकमेकांना नमस्कार करतात का, तेही बघून या. पोस्टकार्डावर मावेल एवढं लिहून पाठवा.

तुमची,
बाई
नांदगाव